पियानोवादन : तंत्र आणि भावाविष्कार

पाश्चात्त्य अभिजात संगीतात वादनावर असामान्य प्रभुत्व असणाऱ्या कलावंतास ‘व्हर्च्युओसो’ म्हणतात. हा शब्द मूळचा इटालियन. सतराव्या शतकात तो कोणत्याही विद्येत वा कलेत विशेष प्रावीण्य मिळविलेल्या व्यक्तीस, मग ती संगीतरचनाकार असो वा शास्त्रव्यासंगी, आदराने लावीत. पुढे त्याचा अर्थ संकोचत गेला आणि एकोणिसाव्या शतकात त्याला प्रशंसेबरोबरच किंचित उपहासाचीही छटा आली. या अर्थपालटाच्या मुळाशी एक वाद आहे : वादकाची बोटे जे साधू शकतात ते आणि श्रोत्याच्या मनापर्यंत जे पोहोचते ते, या दोहोंचे नाते काय? आपल्याकडील रागसंगीतात ‘तयारी’ आणि ‘भाव’ या शब्दांनी जो भेद सुचविला जातो, त्याच्याशी हा वाद वरवर मिळताजुळता आहे. परंतु पियानोच्या बाबतीत वाद्याच्या रचनेमुळेच त्याला वेगळे टोक आले.

पियानो हे वाद्य बार्तोलोम्मेओ क्रिस्तोफोरी याने फ्लॉरेन्स येथे १७०० च्या सुमारास तयार केले. तत्पूर्वीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाई आणि पट्टी हळू दाबली काय किंवा जोराने दाबली काय, नादाच्या तीव्रतेत फारसा फरक पडत नसे. क्रिस्तोफोरीने छेडण्याऐवजी हातोडीच्या आघाताची योजना केली, त्यामुळे बोटाच्या जोरानुसार स्वर मृदू वा प्रबळ करता येऊ लागला. मात्र या सोयीबरोबर एक मर्यादाही आली. पट्टी दाबल्यावर हातोडी तारेवर आदळण्याच्या किंचित आधीच यंत्रणेपासून सुटी होते व उरलेले अंतर स्वतःच्या वेगाने तोडते. गायक किंवा व्हायोलिनवादक लावलेला स्वर फुगवू शकतो, कंपित करू शकतो. पियानोचा स्वर जन्मतःच विरू लागतो. वादकाच्या हाती उरतात त्या गोष्टी मोजक्याच : हातोडीचा वेग, आघाताचा क्षण, पट्टी सोडण्याचा क्षण आणि पेडलचा उपयोग. एवढ्या सामग्रीतून गाण्याचा आभास निर्माण करावयाचा असतो. पियानोवर भावाविष्काराला तंत्राबाहेर वेगळी जागाच नाही. असे असूनही तंत्र आणि भाव यांची फारकत झाल्याची तक्रार या वाद्याच्या इतिहासात पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते. तिची कारणे वाद्यापेक्षा वादनाच्या सामाजिक व्यवहारात अधिक शोधावी लागतात.

कार्ल फिलिप एमानुएल बाख (१७१४–८८) याने पट्टीवाद्यांच्या वादनावर लिहिलेल्या ग्रंथाचा पहिला भाग १७५३ मध्ये प्रसिद्ध झाला. केवळ बोटांच्या चपळाईवर विसंबणारे वादक कानांना थक्क करतात, पण मनाला स्पर्श करीत नाहीत, असा त्याचा आक्षेप होता. वादक स्वतः हेलावल्याखेरीज इतरांना हेलावू शकत नाही, ही त्याची भूमिका. तथापि याच ग्रंथात बोटांच्या क्रमाचे, अंगठा हाताखालून नेण्याचे आणि अलंकारस्वरांचे अतिशय काटेकोर नियमही दिले आहेत. या दोन गोष्टींत त्याला विसंगती वाटली नाही.

वादाला व्यक्तिरूप आले ते २४ डिसेंबर १७८१ रोजी. त्या दिवशी सम्राट दुसरा जोझेफ याने व्हिएन्ना येथील राजवाड्यात, रशियाच्या युवराजदंपतीच्या उपस्थितीत, व्होल्फगांग आमाडेउस मोट्सार्ट (१७५६–९१) आणि मूत्स्यो क्लेमेंती (१७५२–१८३२) यांना आळीपाळीने वाजवावयास लावले. दोघांनी स्वतःच्या रचना सादर केल्या, समोर ठेवलेले अपरिचित संगीत वाचून वाजविले आणि उत्स्फूर्त वादनही केले. क्लेमेंतीने मोट्सार्टच्या वादनाची मनापासून वाखाणणी केली. मोट्सार्टने मात्र काही आठवड्यांनी वडिलांना लिहिलेल्या पत्रात, क्लेमेंतीचा उजवा हात उत्तम असला, तृतीयांतराचे जोडस्वर वाजविण्यात त्याची शक्ती असली, तरी रुची आणि भावना यांचा त्याच्यापाशी लवलेश नाही व तो निव्वळ यांत्रिक कारागीर आहे, असा निवाडा दिला. पुढील दोनशे वर्षे व्हर्च्युओसोवर जे आक्षेप घेतले गेले, त्यांपैकी बहुतेकांचे बीज या पत्रात सापडते.

परंतु मोट्सार्टने १७८३ मध्ये वडिलांना पाठविलेले दुसरे पत्रही याबरोबर वाचले पाहिजे. आपल्या बहिणीने क्लेमेंतीच्या रचनांतील षष्ठांतराच्या व सप्तकांतराच्या जोडस्वरांचा फार सराव करू नये, असे त्याने त्यात सुचविले. याचे त्याने दिलेले कारण महत्त्वाचे आहे : अशा सरावाने तिचा शांत, एकसारखा स्पर्श बिघडेल आणि हाताचा नैसर्गिक हलकेपणा, लवचिकपणा व ओघवती गती नाहीशी होईल. म्हणजे मोट्सार्टची हरकत तंत्राला नव्हतीच. व्हिएन्नातील हलक्या पट्ट्यांच्या, चटकन विरणाऱ्या स्वराच्या पियानोवर घडलेले एक तंत्र, इंग्लंडमधील जड व घुमारेदार वाद्यांकडे झुकलेल्या दुसऱ्या तंत्राला नाकारीत होते. क्लेमेंतीने पुढे आपला शिष्य लुटव्हिख बेर्गर याला सांगितले, की त्या काळी त्याला चमकदार वादनाचाच सोस होता. नामवंत गायकांचे श्रवण आणि इंग्लिश पियानोंतील सुधारणा यांमुळे तो नंतर गानसदृश शैलीकडे वळला. त्या दिवशी वाजविलेली आपली सोनाता छापताना ती मोट्सार्टच्या उपस्थितीत सम्राटापुढे वाजविल्याची नोंद करावयास तो विसरला नाही. ही नोंद अकारण नव्हती. तिच्या पहिल्या भागातील विषयाशी मोट्सार्टच्या द माजिक फ्लूट (१७९१) या ऑपेराच्या पूर्वरंगातील विषय कमालीचा जुळतो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पियानो मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आला आणि शिकविणे हा मोठा व्यवसाय झाला. जे शिकवावयाचे ते मोजता यावे, क्रमाने लावता यावे, ही या व्यवसायाची गरज होती. क्लेमेंतीचा ग्रादुस आद पार्नास्सुम (१८१७–२६) हा शंभर रचनांचा संग्रह निदान संगीतदृष्ट्या समृद्ध होता. बेथोव्हनचा शिष्य व लिस्टचा गुरू कार्ल चेर्नी (१७९१–१८५७) याने मात्र गती, सप्तकांतरे, उभय हातांची समता अशा एकेका गुणासाठी स्वतंत्र सरावमाला रचल्या. चेर्नीची आज होणारी कुचेष्टा बरीचशी अन्यायकारक आहे; त्याच्या शिक्षणग्रंथांत अभिव्यक्तीवर विस्तृत विवेचन आहे, ते कोणी वाचत नाही इतकेच. योहान बेर्नहार्ट लोगिअर याने १८१४ मध्ये हात व बोटे ठरावीक स्थितीत बांधून ठेवणाऱ्या ‘कायरोप्लास्ट’ नावाच्या उपकरणाचे एकस्व घेतले. फ्रीड्रिख काल्कब्रेनर (१७८५–१८४९) याने हाताला आधार देणारा दांडा प्रचारात आणला. या सर्वांमागील गृहीत एकच होते : पाचही बोटे निसर्गतः असमान आहेत, ती सरावाने समान केली पाहिजेत. रोबेर्ट शूमान (१८१०–५६) याचा उजवा हात १८३२ च्या सुमारास कायमचा दुखावला व त्याची वादक होण्याची आकांक्षा संपली. बोट बळकट करण्याचे यांत्रिक साधन हे त्याचे एक संभाव्य कारण मानतात.

या गृहीतालाच फ्रेदेरीक शोपँ (१८१०–४९) याने छेद दिला. १८३१ मध्ये तो पॅरिसला आला, तेव्हा काल्कब्रेनरने त्याला तीन वर्षे आपल्याकडे शिकण्याची सूचना केली. शोपँने ती नम्रपणे नाकारली आणि आपला ई मायनरमधील कंचेर्तो त्यालाच अर्पण केला. शोपँच्या मते प्रत्येक बोटाची शक्ती त्याच्या घडणीनुसार वेगळी आहे आणि हे वेगळेपण बुजविण्याऐवजी त्याचा उपयोग करावा. अध्यापनावरील त्याची अपुरी टिपणे पुढे आल्फ्रेद कोर्तो याच्या संग्रहात आली. त्यांतून ही भूमिका स्पष्ट होते. परंपरेने सोपी मानलेली, सर्व पांढऱ्या पट्ट्यांची सी मेजर स्वरपंक्ती त्याला सर्वांत अवघड वाटे. तो विद्यार्थ्यांस प्रथम बी मेजर शिकवी, कारण तीत लांब बोटे काळ्या पट्ट्यांवर सहज विसावतात. सराव दिवसाकाठी तीन तासांहून अधिक नसावा, असा त्याचा आग्रह असे. विद्यार्थ्यांना तो इटालियन गायक ऐकण्यास सांगे. ‘रुबातो’ म्हणजे लयीची लवचीक हाताळणी. तीत डाव्या हाताने संचालकाप्रमाणे लय सांभाळावी व उजव्याने तिच्या मागेपुढे विहरावे, अशी त्याची शिकवण होती. त्याचे एत्यूद (ओपस १०, १८३३ व ओपस २५, १८३७) या विचाराचे मूर्त रूप होत. प्रत्येक एत्यूद एका विशिष्ट तांत्रिक अडचणीवर उभा आहे, आणि ती अडचण नीट सुटल्याखेरीज त्यातील काव्य उमटतच नाही. ओपस १० मधील दुसऱ्या एत्यूदमध्ये उजव्या हाताच्या दुबळ्या तीन बोटांकडे अखंड अर्धस्वरांची धाव आणि उरलेल्या दोघांकडे स्वरमेळ दिले आहेत. तेथे हात ताठरला, की स्वरांचा कुजबुजता पोतच नाहीसा होतो. शोपँने स्वतः मात्र आयुष्यात सुमारे तीसच जाहीर कार्यक्रम केले.

जाहीर कार्यक्रम ही फ्रांट्स लिस्ट (१८११–८६) याची रंगभूमी होती. १८३२ मध्ये पॅरिस येथे नीक्कोलो पागानीनीचे व्हायोलिनवादन ऐकून तो भारावला आणि दिवसाचे चार-पाच तास केवळ जोडस्वर, सप्तकांतरे, पुनरावृत्त स्वर यांच्या सरावात घालवू लागला. याच पत्रात तो होमर, बायबल, प्लेटो यांच्या वाचनाचाही उल्लेख करतो, हे सहसा सांगितले जात नाही. सेबास्त्यँ एरार याने १८२१ मध्ये शोधलेल्या यंत्रणेमुळे पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजविणे शक्य झाले होते. लिस्टच्या शैलीचा मोठा भाग या यंत्रणेवर आधारलेला आहे. १८३७ च्या प्रारंभी त्याने पॅरिसच्या एका संगीत नियतकालिकात झीगिस्मुंट टालबेर्ख (१८१२–७१) याच्या रचनांवर कडक टीका केली. समीक्षक फ्रांस्वा-जोझेफ फेतीस याने टालबेर्खची बाजू घेतली. त्याच वर्षी ३१ मार्च रोजी बेल्जोजोसो या इटालियन सरदारपत्नीने देशांतर केलेल्या इटालियनांच्या साहाय्यार्थ आपल्या घरी दोघांचे वादन ठेवले. तिकीट चाळीस फ्रँकचे होते. टालबेर्ख जगातील पहिला पियानोवादक, तर लिस्ट एकमेव, असा यजमानीणबाईंचा चतुर निर्णय सांगितला जातो.

टालबेर्खची ख्याती ‘तीन हातांच्या’ करामतीसाठी होती. तो मुख्य सुरावट मधल्या सप्तकात दोन्ही अंगठ्यांत वाटून घेई, पेडलने ती धरून ठेवी आणि तिच्या वरखाली स्वरांची कारंजी उडवी. प्रेक्षकांना यात जादू दिसे, टीकाकारांना कसरत. वस्तुतः विरणाऱ्या स्वराला लांबविण्याचा हा उपाय होता, आणि टालबेर्खने पुढे प्रसिद्ध केलेल्या शिक्षणमालेचा विषय होता पियानोवर गाण्याची कला. ज्याला चमत्कृतीचा प्रतिनिधी ठरविले गेले, त्याचे सर्व लक्ष गानसदृशतेकडेच होते. लिस्टने १८४७ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, मानधन घेऊन जाहीर वादन करणे थांबविले. त्यानंतर लिहिलेली बी मायनर सोनाता (१८५३) तंत्रदृष्ट्या आधीच्या फँटसींइतकीच दुर्घट आहे, परंतु तीत प्रदर्शनासाठी आलेला एकही परिच्छेद दाखविणे कठीण. क्लारा शूमान (१८१९–९६) हिला मात्र ती निव्वळ गोंगाट वाटली.

उत्तरार्धात वादाची मांडणी बदलली. वादक आता मुख्यतः दुसऱ्यांच्या रचना वाजवू लागला होता. साहजिकच भाव कोणाचा, रचनाकाराचा की वादकाचा, हा प्रश्न पुढे आला. आंटोन रूबिनस्टाइन (१८२९–९४) याच्या वादनात चुकीचे स्वर मुबलक असत आणि श्रोते ते आनंदाने क्षम्य मानीत. हान्स फोन ब्यूलो (१८३०–९४) याचे वादन विश्लेषक, काटेकोर आणि अनेकांच्या मते कोरडे होते. अमेरिकन श्रोत्यांनी पहिल्याला १८७२–७३ मध्ये आणि दुसऱ्याला १८७५–७६ मध्ये ऐकले. दोन्ही दौऱ्यांची तुलना तेथील वृत्तपत्रांना बरीच वर्षे पुरली.

विसाव्या शतकात हा प्रश्न प्रयोगशाळेत गेला. ‘स्पर्शा’च्या गुणावर पियानोशिक्षकांची गाढ श्रद्धा होती : मऊ, खोल, गाणारा स्पर्श आणि कर्कश स्पर्श यांत, नादाची तीव्रता समान असूनही, फरक पडतो असे ते मानीत. बॉल्टिमोर येथील ओटो ऑर्टमन याने १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की सुट्या स्वरावर वादकाचे नियंत्रण हातोडीच्या वेगापुरतेच असते. ब्रिटिश भौतिकीविज्ञ जेम्स जीन्स याने १९३७ मध्ये याच निष्कर्षाला विनोदी रूप दिले : एकच स्वर वाजवायचा असेल, तर बोटाने दाबला काय किंवा छत्रीच्या टोकाने दाबला काय, सारखेच. संगीतकार दुखावले गेले. त्यांचा अनुभव खोटा नव्हता, फक्त त्यांचे स्पष्टीकरण चुकीचे होते. संगीत सुट्या स्वरांचे नसते. स्वरमेळातील चार स्वरांपैकी एकावर किती अधिक जोर दिला, आधीच्या स्वरावर पुढचा किती वेळ रेंगाळला, पेडल केव्हा बदलले, यांतून ‘गाणारा’ नाद घडतो. व्हेर्नर ग्योबल याने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सुरावटीचा स्वर सोबतच्या स्वरांहून सुमारे ३० सहस्रांश सेकंद आधी वाजतो, असे मोजून दाखविले. हा बुद्ध्या केलेला भावाविष्कार मानला जाई. प्रत्यक्षात बोटे पट्ट्यांना जवळजवळ एकाच वेळी लागतात. ज्या पट्टीवर जोर अधिक, तिची हातोडी लवकर पोहोचते. भाव म्हणून ऐकू येणारी गोष्ट येथे यंत्रणेच्या नियमातून उपजली आहे. दुसरीकडे, त्याने सहकाऱ्यांसह नंतर केलेल्या प्रयोगांत बोट पट्टीवर उंचावरून आदळल्यास होणारा बारीक आवाज काही श्रोते ओळखू शकले. त्यामुळे जीन्सच्या छत्रीचा दावाही अगदी जसाच्या तसा टिकला नाही.

ध्वनिमुद्रणाने तंत्राची व्याख्या कडक केली. मैफलीत निसटलेला स्वर क्षणात विरतो. तबकडीवर तो दरवेळी त्याच जागी भेटतो. आर्टूर श्नाबेल (१८८२–१९५१) याने १९३२ ते १९३५ या काळात बेथोव्हनच्या बत्तीसही सोनातांचे पहिले संपूर्ण ध्वनिमुद्रण केले. ओपस १०६ मध्ये बेथोव्हनने छापलेल्या प्रचंड गतीचा पाठलाग करताना तो अनेक ठिकाणी अडखळतो. आजचा कोणताही विद्यार्थी असा पाठ परीक्षेत देण्यास धजणार नाही. त्या पाठातील धडपडीचा आवेग मात्र निर्दोष मुद्रणांत क्वचित आढळतो. कोर्तो (१८७७–१९६२) याची शोपँची मुद्रणेही चुकलेल्या स्वरांसह वाखाणली गेली. चुंबकीय फितीमुळे तुकडे जोडणे सोपे झाल्यावर ही सहनशीलता आटली. ग्लेन गूल्डने (१९३२–८२) १९६४ मध्ये जाहीर वादन कायमचे सोडले आणि ध्वनिमुद्रणकक्षात तुकडे जुळवून रचना घडविण्याचे उघड समर्थन केले. व्लादिमीर होरोव्हिट्स (१९०३–८९) हा दुसऱ्या टोकाचा. १९४२ मध्ये व्हर्जिल टॉमसन याने त्याला विकृती आणि अतिशयोक्ती यांचा उस्ताद ठरविले होते. बारा वर्षांच्या खंडानंतर ९ मे १९६५ रोजी तो न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये परतला, तेव्हा बाख–बूसोनी यांच्या तोकातेच्या प्रारंभीच त्याचा स्वर चुकला. मैफलीच्या तबकडीवर ती चूक दुरुस्त केलेली होती. मूळ वादन २००३ मध्ये बाहेर आले.

स्पर्धांनी उरलेले काम केले. वॉर्सा येथील शोपँ स्पर्धा १९२७ मध्ये सुरू झाली; महायुद्धानंतर अशा स्पर्धांची संख्या झपाट्याने वाढली. गुण देणाऱ्यास चुकलेला स्वर निर्विवाद असतो, भावाबद्दल मात्र सहपरीक्षकाशी भांडावे लागते. १९८० च्या शोपँ स्पर्धेत हे भांडण चव्हाट्यावर आले. युगोस्लाव्हियाचा ईव्हो पोगोरेलिच याच्या तंत्राविषयी कोणाला शंका नव्हती, पण त्याच्या लयी, त्याचे स्वरभार शोपँच्या खुणांशी फटकून होते. त्याला पहिल्या फेरीतून पुढे पाठविले, म्हणून लुई केंटनर याने परीक्षकपद सोडले. अंतिम फेरीपूर्वी त्याला वगळले, म्हणून १९६५ ची विजेती मार्ता आर्हेरिच हिने सोडले. प्रथम पारितोषिक व्हिएटनामच्या दांग ताय सोन याला मिळाले व ते रास्तच होते. पोगोरेलिच त्या निकालामुळे जगप्रसिद्ध झाला.

परीक्षक मंडळाच्या गुणांची सरासरी काढण्याच्या प्रथेवर ब्रूनो रेप या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनाने अनपेक्षित प्रकाश पडला. शूमानच्या ट्रॉयमेराय या छोट्या रचनेच्या २८ मुद्रणांतील प्रत्येक स्वराचा काळ त्याने मोजला व १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. कोर्तो आणि होरोव्हिट्स यांची मुद्रणे सर्वसाधारण वळणापासून सर्वांत दूर गेलेल्यांपैकी होती. १९९७ मधील प्रयोगात त्याने अनेक वादनांच्या कालमापनाची सरासरी काढून एक कृत्रिम वादन तयार केले आणि ते इतरांत मिसळून श्रोत्यांपुढे ठेवले. गुणवत्तेच्या बाबतीत श्रोत्यांनी या सरासरी वादनास वरचे स्थान दिले; व्यक्तिविशिष्टतेच्या बाबतीत ते तळाशी गेले.